रस्त्याकडची भिंत

मंगळवारी सकाळी तू वारलास. मी शाळेत होते. मुख्याध्यापकांनी वर्गाच्या दाराशी येऊन सांगितलं. मी फळा पुसला, मुलांना शेजारच्या वर्गात बसवलं आणि गावाकडची, सूयाकची बस धरली.

पोचले तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं. आंघोळ घातली होती, तरी नखांच्या कडेला पांढरं राहिलं होतं. कोणाला तरी ते पुसावंसं वाटलं, आणि मामी म्हणाली, राहू दे, ते निघत नाही.

मामा, मी तुझ्यावर रागावले आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण गेले तीन आठवडे जो तो तुझ्याबद्दल गोडच बोलतो आहे. दामूभाऊ, गावच्या बैठकेचे प्रधान, ज्यांनी तुझ्या कामाची आपल्या दुकानात बसून वर्षानुवर्षं टिंगल केली, ते ओसरीवर पाय पसरून म्हणाले की गोविंदासारखा गवंडी आता होणे नाही. मी चहाचे पेले भरत होते. त्यांचाही भरला. मी कुठेच काही बोलत नाही, घरी येते आणि लिहिते. तुला वाचता येत नव्हतं हे खरं, पण मी वाचून दाखवलं की एखाद्या वाक्यापाशी तू हात वर करायचास आणि म्हणायचास, हे पुन्हा वाच. हेही मी तसंच लिहिते आहे, कोणीतरी हात वर करील अशा आशेने.

ती बैठका तुझ्या बापाने बांधली. दिवसभर उसात राबलेली माणसं संध्याकाळी तिथे येऊन अक्षरं गिरवायची, भजन म्हणायची, भांडणं मिटवायची. मीही पहिलं अक्षर तिथेच काढलं. तीन भिंती मिळेल त्या दगडांच्या. चौथी, रस्त्याकडची, मात्र ठरवून बांधलेली. तिला खिडकी नाही. गावात तेव्हा बासष्ट घरं होती, आणि दर घराने एक दगड द्यायचा असं ठरलं. मळ्यातून वेचून बांधावर रचलेल्या काळ्या दगडांतला एक, घरच्या बाईने डोक्यावरून आणायचा. तुझ्या बापाने तो घडवायचा, मापात आणायचा आणि ओळीत बसवायचा. त्रेसष्टावा दगड सूयाकच्या एका क्रेओल कोळ्याचा. गावात कोणी मेलं की तो होडी ओढून ठेवून खांदा द्यायला यायचा. माझं घर तुमच्या गावात नाही, तो म्हणाला म्हणे, पण दगड घ्या. त्याने समुद्रातला प्रवाळाचा दगड आणला. सगळ्या काळ्या भिंतीत तो एकच पांढरा.

सात ओळी, ओळीत नऊ. एकाही दगडावर नाव नाही, कारण नाव लिहिता येणारी माणसं गावात दोन की तीन. गणेशचतुर्थीला मूर्ती आणण्याआधी दर घरची बाई यायची आणि आपल्या घरच्या दगडाला हळदकुंकू लावायची. एवढीच नोंद. मग घरं हलली. कोणी पोर्ट लुईला गेलं, कोणी इंग्लंडला, काहींच्या मागे कोणी उरलंच नाही. त्यांच्या दगडांना तू कुंकू लावायचास. तुझ्या बापाने तुला सगळी भिंत पाठ करायला लावली होती. पुरुषाने कुंकवाची कोयरी घेऊन फिरायचं म्हणून बायकांना हसू आवरायचं नाही.

"काय रे गोविंदा, यंदा किती घरची सून झालास?"

"एकोणीस," तू म्हणायचास. "नि सासू एकपण नाही. माझ्यासारखी सुखी सून नाही गावात."

पंचाहत्तर सालच्या वादळात बैठकेचं छप्पर उडालं. पत्रे शेजारच्या सुरिनाम गावाच्या वाटेवर उसात सापडले, चुरगाळलेल्या कागदासारखे. मागची भिंत पडली. रस्त्याकडची हलली नाही. आपण दोघं दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे उभे होतो. तू हाताचा पंजा एकेका दगडावर ठेवत गेलास, आजाऱ्याला ताप आहे का बघतात तसा. मग म्हणालास, "बाय, छप्पर घालू. मागची भिंत मी उचलतो. पण तू लिही. हिच्यात काय आहे ते लिही, म्हणजे लोक देतील."

मी लिहिलं. मराठीत, फ्रेंचमध्ये, इंग्रजीत. त्या भिंतीबद्दल मी जितकं मन लावून लिहिलं तितकं मी कशाबद्दल लिहिलेलं नाही. आणि लोकांनी दिलं, मामा. हे मी विसरू देणार नाही. ज्यांची स्वतःची घरं उघडी पडली होती त्यांनी दिलं. कोणी एक पत्रा, कोणी तीन दिवसांची अंगमेहनत, कोणी काम करणाऱ्यांचं एक वेळचं जेवण. एका म्हातारीने अंडी दिली आणि विचारलं, अंडी चालतात ना भिंतीला. तू म्हणालास, चालतात, चुन्यात घालतात, आणि खरोखरच घातलीस.

मदत गोळा करत आपण फिरत होतो तेव्हाच त्रेसष्ट नावं लिहून घ्यायचंही ठरलं. वरच्या ओळीपासून सुरुवात केली, कारण खालच्या ओळींसाठी तुला उकिडवं बसावं लागलं असतं आणि तुझे गुडघे तेव्हाच गेले होते. तू दगडावर हात ठेवायचास, घर सांगायचास, दगड आणणाऱ्या बाईचं नाव सांगायचास, आणि तिची एखादी खोड. ही तापट होती. हिने दगड दोनदा बदलून आणला, पहिला शेजारणीपेक्षा लहान वाटला म्हणून. मी वहीत चौकोन काढून भरत होते. चार ओळी झाल्या, पाचवीतले पाच झाले. मग पाऊस आला, मग माझ्या शाळेच्या परीक्षा आल्या.

मदत मागायला मी एकटी पोर्ट लुईला जुन्या इमारती जपणाऱ्या एका सरकारी कचेरीतही गेले होते. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, इमारतीचा रचनाकार कोण. मी म्हटलं, बासष्ट बायका आणि एक कोळी. त्यांनी पेन उचललं नाही. अशा बांधकामांसाठी तरतूद नाही, ते म्हणाले. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर मळ्याच्या एका मालकाच्या वाड्याचं छायाचित्र होतं, लाकडी नक्षीचा व्हरांडा असलेलं. त्या व्हरांड्यासाठी तरतूद होती. त्या मालकाच्या मळ्यातले दगड ज्यांनी वेचले त्यांच्यासाठी नव्हती. मी धन्यवाद म्हणून बाहेर आले. आजही तो धन्यवाद मला परत घ्यावासा वाटतो.

मग क्युरपिप शहरातले एक कंत्राटदार आले. त्यांचा आजा आपल्या गावचा. मोटारीतून उतरले, बैठकेभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, उरलेला सगळा खर्च माझा. फक्त काम नीट दिसलं पाहिजे. हे काळे दगड बघून लोकांना वाटतं आपण अजून कुलीच आहोत. सगळ्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर, वर गुलाबी रंग आणि दाराशी संगमरवराची पाटी, मोठ्या देणगीदारांच्या नावांची. ज्या दगडाला टेकून ते हे बोलत होते, दुसऱ्या ओळीतला सातवा, तो त्यांच्या आजीने आणलेला होता. ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं आणि वही माझ्या हातात होती. मी सांगितलं नाही. लाजले. एवढ्या मोठ्या माणसाला मध्येच कसं तोडायचं. मामा, माझ्या रागातला मोठा वाटा माझ्या स्वतःच्या नावावर आहे, हे मला ठाऊक आहे.

सभेत मी मात्र बोलले, थोडंसं. भिंत उघडीच ठेवावी, लोकांनी त्यासाठीच दिलं आहे. दामूभाऊ हसत म्हणाले, "अगो मास्तरीणबाय, दगड बघायला कोण येणार हाय? टूरिस्ट? त्यांना समुद्र नाही काय?" सगळे हसले. कोणी क्रेओलमध्ये म्हणालं, कि पू फेर, काय करायचं, देणारा म्हणेल तसं करावं लागतं. मग दामूभाऊंनी तुझ्याकडे बघितलं. रस्त्याकडची भिंत कोण करील, की बाहेरचा गवंडी आणू. मी तुझ्याकडे बघत होते. तू नाही म्हणशील याची मला खात्री होती.

तू म्हणालास, "मी करीन."

आपल्या घरात मामालाही तू म्हणतात, आजीलाही तू. 'तुम्ही' मी पुस्तकांतून शिकले. त्या दिवशी दारात तुला गाठून मी म्हटलं, "लावा तुम्ही प्लास्टर. तुमचा धंदाच आहे." तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी कोणा परक्याच्या घरची आहे. मग खाली वाकलास, थापी उचललीस आणि गेलास. त्यानंतर मी त्या भिंतीकडे गेले नाही. वही कपाटात ठेवली. कपाट म्हणजे तोच कोनाडा, मी शाळेत पहिली आले तेव्हा तू आमच्या घराच्या भिंतीत पुस्तकांसाठी काढून दिलास तो.

सात वर्षं, मामा. लग्नाकार्यात भेटलो. तू विचारायचास, बरी आहेस? मी म्हणायचे, बरी आहे.

आणि तुझं प्लास्टर टिकलं नाही. दर पावसाळ्यात भिंत फुगायची. दर वर्षी तू जाऊन डागडुजी करायचास. दामूभाऊंच्या दुकानात विनोद झाला, गोविंदाची भिंत गरोदर राहिली. लोकांनी तुला कामं द्यायचं कमी केलं. ज्याच्या हाताखाली शिकून अर्ध्या जिल्ह्याचे गवंडी तयार झाले त्याला म्हातारपणी कोंबड्यांची खुराडी बांधावी लागली. हे सगळं माझ्या कानावर यायचं आणि मी मनात म्हणायचे, बघ, विकलंस ते विकलंस, तेही धड केलं नाहीस. हे वाक्य मी इथे लिहून ठेवते. मला ते खोडायचा हक्क नाही.

गेल्या डिसेंबरात तू रोझ बेलला माझ्याकडे आला होतास, लिचीची जुडी घेऊन. खुर्चीवर न बसता पायरीवर बसलास. पायरीचा सांधा बोटाने तपासलास. मग म्हणालास, "बाय, भिंतीकडे येत नाहीस तू. एकदा ये. नि हातान ठोकून बघ."

मी म्हटलं, वह्या तपासायच्या आहेत.

तू म्हणालास, "बरं. वह्या तपास." आणि लिच्या तिथेच ठेवून बस पकडायला गेलास. तुझ्या सगळ्या आयुष्यातलं तू माझ्याकडे मागितलेलं ते एकच होतं.

तेराव्याला मामी आणि मी तुझी अवजारं पुसत होतो. थापी, ओळंबा, दोरा. पडवीच्या कोपऱ्यात चुन्याचं पिंप होतं, अर्धं भरलेलं, वर ओलं फडकं. मी विचारलं, हा चुना कशाला, आता तर सगळे सिमेंटच वापरतात. मामीने माझ्याकडे बघितलं, जणू मी विचारू नये ते विचारलं.

"भिंतीसाठी," ती म्हणाली. "तुला नाही ठाऊक? त्यान आधी दगडांना चुन्याचे तीन हात दिलेन. जाड. वर सिमेंट. चुन्यावर सिमेंट धरत नाही, हे माझ्यासारख्या अडाणी बाईला ठाऊक. त्याला नसंल होय?"

मग तिने सगळं सांगितलं, फडकं हातातच धरून. बाहेरचा गवंडी आला असता तर त्याने सिमेंट पकडावं म्हणून छिन्नीने प्रत्येक दगडाला टोचे मारले असते. त्रेसष्टही दगड फोडून काढले असते. म्हणून तू मी करीन म्हणालास. फक्त कडांना पक्कं धरू दिलंस, आत चुन्याचा पापुद्रा. कोणाला तरी आज ना उद्या अक्कल येईल, तू तिला म्हणायचास, मग कडा मोकळ्या केल्या की सगळं एका दिवसात खाली येईल, दगडाला ओरखडा नाही. समुद्रकाठच्या भट्टीवरून तू तो चुना स्वतः आणायचास. भिंत फुगली की जाऊन तेवढाच भाग पुन्हा चुना देऊन बंद करायचास. दुकानातले विनोद ऐकत तिथून चालत घरी यायचास.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तू यायचीस कुठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. सात वर्षांनी. भिंत गुलाबी, मध्ये मध्ये डाग पडलेले. रस्त्यावरून बायका उसाच्या कामावर चालल्या होत्या, त्या बघत राहिल्या. मी बोटांच्या पेरांनी ठोकलं. कडेला घट्ट आवाज आला. दोन हात आत सरकले आणि ठोकलं. पोकळ. वर, खाली, मधे. सगळी भिंत पोकळ वाजत होती, रिकाम्या पिंपासारखी.

मला रडू आलं नाही. मला तुझा इतका राग आला की मी भिंतीला लाथ मारली. एका वाक्याचं काम होतं, मामा. बाय, खाली चुना आहे. चार शब्द. तुला वाटलं मी कोणाला सांगेन? मी, जी कोणाला काही सांगत नाही? की तुला वाटलं, हिला एवढी पुस्तकं वाचून जर आपला मामा कोण आहे हे कळत नसेल तर सांगून काय उपयोग? हे दुसरं असेल तर तुझं बरोबर होतं. पण बरोबर असून काय मिळालं? तू भिंत वाचवलीस आणि ती वाचून दाखवणारा एकटा तू, तू सात वर्षं माझ्यापासून दहा मैलांवर कोंबड्यांची खुराडी बांधत बसलास. मी वही घेऊन बसले असते. तुला स्टूल दिलं असतं, गुडघ्यांसाठी. तीन संध्याकाळींचं काम होतं.

त्याच आठवड्यात दामूभाऊंनी सभा बोलावली. तुझ्या नावाची संगमरवरी पाटी बसवायची, त्यासाठी वर्गणी. जागाही ठरली होती, रस्त्याकडच्या भिंतीच्या मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. चार कोपऱ्यांना लोखंडी बोल्ट. लोक खिशात हात घालू लागले. तुझ्यासाठी देणारे पुष्कळ होते.

मी उभी राहिले. मग मी म्हटलं, ह्या भिंतीला बोल्ट लावायचा नाही. आणि चुन्याचं सगळं सांगितलं. दामूभाऊंचा चेहरा उतरला. फुगलेल्या भिंतीचा विनोद त्यांनीच काढला होता, आणि तो सगळ्यांना आठवत होता. मी म्हटलं, पाटीची वर्गणी प्लास्टर काढायला वापरा. ह्या भिंतीवर आधीच नावं आहेत.

"कुठली नावं?" मागून एका तरुणाने विचारलं.

मी सांगायला लागले. वही नेली नव्हती, गरज पडली नाही. वरची ओळ, पहिला दगड, घर, बाईचं नाव. दुसरा. तिसरा. सातवा दगड आला तेव्हा एका बाईने तोंडावर पदर धरला, तो दगड तिच्या आजीने आणला होता. दुसऱ्या ओळीत मी कंत्राटदारांच्या आजीचं नाव घेतलं, मोठ्याने, जे सात वर्षांपूर्वी घ्यायला हवं होतं. तिसऱ्या ओळीत पांढरा दगड, कोळ्याचा. लोक मोजायला लागले होते. चौथी ओळ संपली. पाचवी. एक, दोन, तीन, चार, पाच.

मी थांबले.

दामूभाऊ खुर्चीतून पुढे झुकले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी हळू आवाजात बोलले. "पुढे?"

"पुढे मला ठाऊक नाही."

"आमचा खाली हाय," ते म्हणाले. "आई वाकून कुंकू लावायची, एवढं आठवतं. कुठला तो नाही ठाऊक. मी कधी बघितलं नाही." मग त्यांनी सभेकडे बघितलं, आणि पुन्हा माझ्याकडे. "गोविंदाला ठाऊक होता?"

मी म्हटलं, हो. त्याला ठाऊक होता.

पाटीचं काम थांबलं आहे. पावसाळ्यानंतर प्लास्टर काढायचं ठरलं, दामूभाऊंनी पहिली वर्गणी स्वतः दिली. खालच्या ओळी पहिल्याने आलेल्या घरांच्या, आणि तीच घरं आधी गेली; ज्यांना विचारता येईल त्यांना मी विचारते आहे. अजून एकही दगड मिळालेला नाही.

भिंतीत त्रेसष्ट दगड आहेत. माझ्या वहीत एकेचाळीस नावं आहेत.